आधी विचार, मग वाढ

बीदर
१० नोव्हेंबर २०२४

ती. नेत्रावती अक्का,

तुम्हाला तुमच्याकडचं शरणार्थ म्हणावं की आमच्याकडचं जयभीम, हे लग्नाला सात महिने होऊनही मला ठरवता आलेलं नाही, म्हणून दोन्ही लिहिते.

बसमधून पाठवलेली पिशवी मिळाली. कंडक्टरनं हातात देताना "राजेश्वर गावची ज्वारी लई जड ऱ्हातीय बाई" असं ऐकवलंच. पीठ आणि अंबाडी नीट पोचली. शेंगाची चटणी मात्र सगळी घरी पोचली नाही, कारण मी स्टँडवरच डबा उघडला.

आता पत्र कशाला, म्हणाल. तुमच्या घरचा फोन म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा. सासूबाईंना, अव्वांना, ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर कायम चालू, आणि मला जे विचारायचं ते अव्वांसमोर नको. मोबाईलवर लिहावं तर तो दिवसभर तुमच्या मुलांच्या हातात. म्हणून रिकामी पिशवी परत पाठवताना हे आत घालते.

अक्का, अमर आता माझ्याबरोबर पळायला येत नाही.

तुम्हाला ही गोष्ट लहान वाटेल. पण आमचं जुळलं ते पळता पळताच. किल्ल्याकडच्या रस्त्यावर रोज पहाटे हा माणूस माझ्यापुढे जायचा आणि मला राग यायचा, तिथून सुरुवात. माझी शाळा सकाळची, त्याची बीदरच्याच कोळार वसाहतीतल्या गोदामातली पाळी दुपारची. पहाटेचा तेवढा एक तास आमचा दोघांचा होता. आता गजर झाला की तो पांघरूण ओढतो आणि "पाय जड झालेत" म्हणतो.

हे कधीपासून, तेही सांगते. दसऱ्यानंतर अव्वा डोळे दाखवायला बीदरला आल्या होत्या ना, तेव्हापासून. मी पहाटे उठून स्वयंपाक केला होता. अव्वा म्हणाल्या, "मला उपास हाय." पिशवीतलं केळं काढून खाल्लं आणि पाणीसुद्धा आपल्याच बाटलीतलं प्यायल्या. मी वाढलेलं ताट उचलून आत नेलं. त्यानंतर त्याचं पळणं बंद झालं.

खायची आबाळ म्हणावी तर तेही नाही. आमच्या शाळेत एका आहाराच्या जाणकार बाईंचं भाषण झालं, तेव्हापासून जेवताना टीव्ही बंद, मोबाईल आतल्या खोलीत. जमिनीवर बसायचं, घास नीट चावायचा, जेवणाकडे लक्ष द्यायचं. रोज ज्वारीची भाकरी, एक पालेभाजी, मोडाची मटकी नाहीतर हुलगे, वर ताक. पण त्या शांततेत तो खाली मान घालून जेवत असतो आणि माझ्या डोक्यात एकच भुंगा: हा माणूस लग्न करून पस्तावला तर नाही?

घरात त्याला कुणी काही बोललं का? मला धीर द्यायला खोटं लिहू नका.

तुमची धाकटी जाऊ,
स्नेहल


राजेश्वर
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय स्नेहल,

जयभीम. पहिल्यांदाच लिहिलं, हात जरा अडखळला, पण बरं वाटलं.

तुझं पत्र मी गोठ्यात बसून वाचलं. आमच्या घरात तेवढी एकच जागा अशी आहे जिथे कुणी मागे येत नाही, आणि म्हैस कुणाला काही सांगत नाही. पस्तावा वगैरे काही नाही गं. तू भावजींची उपासमार चालवली आहेस! मोडाची मटकी आणि ताकावर कुणी पळतं का? ससा पळेल. अख्खी पाळी गोदामात पोती हलवणारा माणूस तो, त्याला पोटात काहीतरी दणकट लागतं. पोटात नाही म्हणून पायात नाही, सरळ हिशेब आहे.

तेव्हा पिशवीत धपाटे आहेत, लोणी आहे, शेंगाच्या पोळ्या आहेत. लहानपणी अमर भावजी ह्या पोळ्या बिछान्यात लपवायचे, असं आमचे हे सांगतात. हे सगळं खाऊ घाल आणि आठ दिवसांनी बघ. किल्ल्यालाच काय, हुमनाबादला पळत जाऊन येतील.

अव्वाचं मनावर घेऊ नको. वय झालंय, उपास-तापास असतातच. घरात भावजींना कुणी काही बोललेलं नाही. आणि ते चावून चावून जेवायचं भाषण आमच्याकडे देऊ नको, इथे चावत बसलं तर दुसरा भाजी संपवतो.

तुझी,
नेत्रावती अक्का


बीदर
२४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का,

तुमचं औषध उलटं लागू पडलं. धपाटे संपले, लोणी संपलं, पोळ्या तर दुसऱ्या दिवशीच संपल्या, आणि अमरच्या पँटचं बटण तुटलं. तुटून माझ्या चहाच्या कपाजवळ येऊन पडलं. मी हसले, तो हसला नाही. पळायचं तर नावच नाही, आता जिना चढतानाही मध्ये थांबतो.

आणि उपासमारीचं म्हणाल, तर अक्का, हा माणूस किती जेवतो ते तुम्ही पाहायला हवं. मी वाढते तितकं सगळं संपतं. भाजीचा फोडणीचा एक दाणा उरत नाही. इतकंच नाही, शेवटी ताटात पाणी घालतो, बोटानं कडेकडेनं फिरवतो आणि ते पाणीसुद्धा पिऊन टाकतो! टीव्ही बंद झाल्यावर ताटाकडे लक्ष गेलं तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं, आणि मनात आलं, एवढी भूक राहते माझ्या घरात? दुसऱ्या दिवशी एक भाकरी जास्त थापली. तीही गेली. मग आणखी एक. गेल्या महिन्याभरात माझं भाकरीचं पीठ दुप्पट झालंय, तुम्हालाही पाठवताना कळलं असेल.

आमच्या आईकडची रीत अशी की पोट भरलं की ताटात घासभर ठेवायचं. म्हणजे वाढणारीला कळतं, आता पुरे. कुणाचं ताट स्वच्छ दिसलं की आई विचारायलाही थांबत नाही, पळी भरून वाढते. कारण स्वच्छ ताट म्हणजे माणूस अजून भुकेला. मीही तेच करते. मी वाढते, तो बघतो, आणि खातो. काल मात्र शेवटची भाकरी खाताना त्याच्या कपाळावर घाम होता. तरी खाल्ली.

मला आता वेगळीच भीती वाटते. माणूस दुःखात असला की खात सुटतो, असं त्या भाषणातल्या बाई म्हणाल्या होत्या. अक्का, तुम्ही त्याला फोन करून विचाराल का? माझ्यासमोर तो बोलत नाही. म्हणतो, "काय न्हाई गं, चांगलं झालतं जेवण."

स्नेहल


राजेश्वर
२८ नोव्हेंबर २०२४

अगं माझ्या बाई,

तुझं पत्र वाचून मी गोठ्यात इतकी हसले की आमचे हे काठी घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

ताट धुऊन पिणं म्हणजे भूक नव्हे गं. ती आमच्या घरची रीत आहे. भावजी जेवायच्या आधी गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन डोळे मिटून बसतात, ते तू पाहिलंच असशील. त्यानंतर ताटात जे पडतं ते प्रसाद. प्रसादाला नाही म्हणायचं नाही, टाकायचं नाही, आणि ताटाला लागलेलंही वाया घालवायचं नाही, म्हणून पाणी घालून पितात. तू स्वच्छ ताट पाहून वाढत गेलीस आणि तो वाढलेलं टाकता येत नाही म्हणून खात गेला. दोघं मिळून एक पँट फाडलीत!

मी नवी नवरी असताना न विचारता ह्यांच्या ताटात वरण ओतलं होतं. अव्वानं तिथल्या तिथे माझा हात धरला. म्हणाली, "आधी इचार, मग वाढ. ताटात पडल्यावर त्येला न्हाई म्हणता येत न्हाई." म्हणून आमच्यात पळी ताटावर न्यायच्या आधी विचारतात, आणि जेवणारा तेव्हाच हात आडवा धरतो. तुला हे कुणी सांगितलंच नाही. सांगणार कोण? सुनेला शेजारी बसवून रीत सांगायची ती सासूनं, आणि आपली सासू तर तुझ्या घरी केळं खाऊन परत आली.

आता दुसरी गोष्ट. खोटं लिहू नको म्हणाली होतीस आणि मी लिहिलं. त्या दिवशी अव्वाला उपास नव्हता. घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या तिनं. जातपात मोडणाऱ्या बसवण्णांचा फोटो आमच्या भिंतीवर आहे, रोज फूल असतं, बसवकल्याण तर हाकेच्या अंतरावर. आणि सून दुसऱ्या समाजातली म्हणून तिच्या घरचं पाणी चालत नाही. मी एकदा हे अव्वाला म्हटलं, तर तिनं त्या दिवशी आपल्याला जास्तच ऐकू येत नाही असं दाखवलं. मला लाज वाटते, तुला स्पष्ट सांगते.

पण एक कोडं मलाही सुटलेलं नाही. भावजींना तोंड आहे. वाढायच्या आधी "बास" म्हणायला काय झालं होतं? ते मी फोनवर विचारणार नाही. तूच विचार, आणि जेवण झाल्यावर विचार.

नेत्रावती अक्का


बीदर
८ डिसेंबर २०२४

ती. अक्का,

विचारलं. तुम्ही सांगितलं तसं जेवण झाल्यावर, तो ताट धुऊन पीत असताना.

मी म्हटलं, "मला कळलंय हे काय आहे ते. तुला भूक नसते ना? मग मी वाढायला लागले की हात आडवा का धरत नाहीस?"

त्यानं ताट खाली ठेवलं. मग म्हणाला, "अव्वा आपल्या दारात येऊन उपाशी गेली. तुझ्या हातचं न्हाई म्हणली, ते मी बघितलो. तुझं तोंड बी बघितलो. त्याच दिवशी ठरवलो, आमच्या घरातनं तुला एकदा न्हाई म्हणलंय ते बास झालं. माझ्या तोंडातनं तुझ्या भाकरीला न्हाई जायाचं न्हाई."

"अरे मग मला सांगायचं तरी! मी कमी वाढलं असतं."

"तेच की! सांगितलो असतो तर तू कमी वाढली असतीस. मंग ते न्हाई म्हणल्यासारखंच झालं की."

अक्का, असा नवरा तुम्ही पाहिलाय का? मी आधी हसले, मग रडले, मग त्याच्या पोटाकडे बघून पुन्हा हसले. पस्तावा शोधत होते मी महिनाभर, आणि हा माणूस माझ्यासाठी घाम गाळून भाकऱ्या रिचवत होता. माझ्यावर इतकं प्रेम कुणी केलं नव्हतं, आणि इतक्या वेड्यासारखं तर नक्कीच नाही.

आता मी विचारून वाढते. पण विचारलं की तो काय म्हणतो? "वाढ की." रोज "वाढ की." परवा मुद्दाम एकावर एक तीन वेळा विचारलं, तीनही वेळा "वाढ की." शेवटी मीच टोपली उचलून आत नेली. आता मीच मोजूनमापून कमी करते. भाकरी लहान, ताक जास्त, आणि तुमचं लोणी मी एकटी खाते. सकाळी तो उठतो, चालतो, थोडा पळतो, मग कमरेवर हात ठेवून उभा राहतो. पण "पुरे" हा शब्द काही त्याच्या तोंडून निघत नाही. मी सांगून पाहिलं, मला राग येणार नाही, वाईट वाटणार नाही. तो म्हणतो, "तुला न्हाई वाटणार, मला वाटंल."

खरं सांगू? हे त्याच्या-माझ्यात सुटणारं नाही. अव्वांच्या त्या एका नकाराची भरपाई तो रोज करतोय, आणि अव्वांचा नकार तसाच आहे.

येळवस, शेतातल्या पूजेची अमावस्या, जवळ आलीय. लग्नानंतरची पहिली. मी शेतात आले तर चालेल का? चालणार नसेल तर तेही लिहा, पण ह्या वेळी उपासाचं नको.

स्नेहल


राजेश्वर
१५ डिसेंबर २०२४

प्रिय स्नेहल,

ह्या वेळी गोठ्यात वाचलं नाही. तुझं पत्र मी अव्वासमोर बसून वाचलं. ऐकू यावं म्हणून मोठ्यानं वाचलं, त्यामुळे अर्ध्या गल्लीनं ऐकलं. तुला न विचारता वाचलं, ह्यासाठी तू भांडलीस तरी मी ऐकून घेईन.

अव्वा निवडायला घेतलेली तूर तशीच पुढ्यात ठेवून बसली. "तुझं तोंड बी बघितलो" हे वाक्य तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. मग म्हणाली, "लई फुगलंय का गं पोरगं?" म्हटलं, बटण तुटलं म्हणजे बघा. त्यावर तिनं पुन्हा तूर निवडायला घेतली. संध्याकाळी आपणहून म्हणाली, "येळवशीला दोघांना बी येऊ दे. भाकरी थापायला हात लागत्यातच."

ह्याचा अर्थ काय, मला विचारू नको. भाकरी थाप म्हणाली, खाईन असं म्हणालेली नाही. तुझ्या हातची टोपली ती बाजूला सारू शकते, तेवढी ती हट्टी आहे. तेव्हा मनाची तयारी ठेवून ये. पण ये. पूजेची कोपी यंदा तुरीच्या ओळीजवळ बांधतोय, खोपटाला कडबा भरपूर आहे. डाळी-पाल्याची भज्जी आणि ताकाची आंबील मी करते. तू चुलीवर भाकरी थाप. शहरात गॅसवर थापून हात नाजूक झाले असतील, बघू.

नेत्रावती अक्का


बीदर
२ जानेवारी २०२५

ती. अक्का,

तुम्ही शेजारच्या शेतातल्या लोकांना जेवायला हाका मारायला गेलात आणि नेमकं तेवढ्यातच सगळं झालं. परत आल्यावर तुम्ही माझ्याकडे भुवया उडवून विचारत होतात, पण अव्वा समोर होत्या, मी काय बोलणार? आता सगळं लिहिते.

कोपीतली पूजा झाली होती. तुमचे हे, म्हणजे मोठे अण्णा, आंबील शिंपडत शेताला फेरी मारून आले, हातपाय धुऊन बसले. पंगतीत अमर, त्याच्या शेजारी अव्वा. अव्वांच्या ताटात तुमची भज्जी होती आणि तुम्ही घरून करून आणलेले बाजरीचे वाफवलेले उंडे. मी थापलेली भाकरी नव्हती. त्यांनी टोपलीकडे पाहिलंही नव्हतं. मी तेवढ्यावरून समजून घेतलं आणि तव्याकडे वळले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चुलीपाशी ते धुरावर खपतं.

गरम भाकरी घेऊन अमरपाशी गेले. त्याच्या पोटात एव्हाना भज्जी, खीर, उंडे सगळं गेलं होतं. मी विचारलं, "वाढू?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, अव्वांकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. आणि तो म्हणाला, "वाढ की."

मी वाकले. तेवढ्यात अव्वा कडाडल्या, "त्येला कामून वाढायलीस? दिसत न्हाई व्हय, पोराला घाम फुटलाय!"

मी तशीच वाकलेली, भाकरी हातात. चटके बसत होते, पण सोडायची कुठे, कळेना. मोठ्या अण्णांचा घास हातातच राहिला. अव्वांनी आपलं ताट डाव्या हातानं माझ्याकडे सरकवलं.

"हिकडं वाढ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, "अव्वा, वाढू?"

"इचारलीस ते बरं केलीस," त्या म्हणाल्या. "वाढ."

वाढली. त्यांनी ती मोडली, भज्जीला लावली आणि खाल्ली. शेवटच्या घासाला म्हणाल्या, "कडंला जरा जाड हाय. उद्या दाखवते." बस्स, एवढंच. मग ताटात पाणी घातलं, बोट फिरवलं आणि प्यायल्या. मी पाहत उभी होते. एवढा सुंदर देखावा मी आयुष्यात पाहिलेला नाही.

आता पुढचं ऐका. चुलीवर एक भाकरी होतीच. मी पुन्हा अमरपाशी गेले, सवयीनं विचारलं, "वाढू?" आणि त्यानं दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "पुरे," म्हणाला. "लई झालं गं. पुरे."

अक्का, नवऱ्यानं माझी भाकरी नाकारली आणि मी आनंदानं रडले. असं कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील. मोठे अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला, तुम्ही लांबून ऐकला असेल.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही दोघं पळायला निघालो. शेताच्या वाटेनं सडकेपर्यंत. अमर हाश्श-हुश्श करत होता, मी पुढे होते, आणि तो मागून ओरडत होता, "थांब की गं!" मी थांबले नाही. पूर्वी तो तरी कुठे थांबायचा? पण तो पोचला, अक्का. उशिरा पोचला, वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "उद्या परत." आज बीदरलाही गजराच्या आधी उठला होता.

तुमची,
स्नेहल


राजेश्वर
९ जानेवारी २०२५

प्रिय स्नेहल,

पत्र पोचलं, आणि हेही मी मोठ्यानं वाचलं. "कडंला जरा जाड" इथे अव्वा म्हणाली, "जाडच होती की, खोटं काय लिहिलीय?" तेव्हा समजून घे, कौतुक एवढंच मिळेल.

पीठ ह्या खेपेला निम्मंच पाठवते आहे. भावजी ताटावर हात धरायला लागलेत म्हटल्यावर जास्त कशाला?

आणि ऐक. काल रात्री जेवताना अव्वा म्हणाली, "पुढल्या आयतवारी बीदरला जायचं." मी म्हटलं, पुन्हा डोळे दाखवायचेत का? "न्हाई." मग काय बाजार करायचाय? "न्हाई." मग कशाला, म्हटलं, एवढ्या थंडीत? अव्वा माझ्यावर अशी खेकसली की मुलं दचकली.

"जेवायला जायलोय! आणि ती वाढायच्या आधी इचारंल, तर तिला आत्ताच लिहून टाक. म्हणावं, अव्वा दोन भाकऱ्या खातीय."

नेत्रावती अक्का